'आपली' नौका आणि 'आमची' नौका : 'मॅडिसन' ह्या चित्रपटाचा विचार

ह्या पत्रिकेच्या पानांवर एखाद्या चित्रपटाची चर्चा आढळली, आणि तीही वेगवान नौकांच्या शर्यतींवरील एका फारशा न गाजलेल्या अमेरिकन चित्रपटाची, तर नेहमीच्या वाचकांस किंचित् नवल वाटण्याचा संभव आहे. सर्वनामांचा अभ्यास करणाऱ्याने इंजिनांच्या गर्जनेत काय शोधावयाचे, असेही कोणी विचारील. त्याचे उत्तर यथावकाश येईलच. तूर्त एवढेच सांगतो की, भाषांतराच्या वर्गानिमित्त हा चित्रपट मी चार वेळा पाहिला. पहिल्या वेळी तो मला मनापासून आवडला, चौथ्या वेळी त्याने मला अस्वस्थ केले. आणि ह्या दोहोंच्या दरम्यान जे घडले ते आपल्या भाषेतील एका अगदी साध्या शब्दामुळे घडले.

चित्रपटाचे नाव 'मॅडिसन'. दिग्दर्शक विल्यम बिंडली. पटकथा त्यांची व स्कॉट बिंडली ह्यांची. २००१ साली सनडान्स येथील महोत्सवात तो दाखविला गेला आणि नंतर चार वर्षे अडगळीत पडून राहिला. सर्वसामान्य प्रेक्षकांपुढे तो आला २००५ साली. तोपर्यंत त्यातील नायक जिम कॅव्हिझेल हे 'द पॅशन ऑफ द क्राइस्ट' (२००४) मधील भूमिकेमुळे जगभर परिचित झाले होते. पण त्या प्रसिद्धीचाही ह्या चित्रपटास फारसा उपयोग झाला नाही. बालनायकाची भूमिका करणारा जेक लॉइड हा १९९९ च्या 'स्टार वॉर्स'मधील मुलगा होय. वृद्ध यंत्रज्ञ हॅरी व्होल्पी ह्यांच्या भूमिकेत ब्रूस डर्न आहेत. निवेदनाचा आवाज गायक जॉन मेलनकॅम्प ह्यांचा आहे. ते त्याच इंडियाना राज्याचे रहिवासी. त्यामुळे त्या आवाजाला त्या मातीचा खरखरीतपणा आहे, आणि ती निवड योग्यच म्हटली पाहिजे.

कथा सत्यघटनेवर आधारलेली आहे. ती सत्यघटना प्रथम नीट समजून घेतल्यावाचून चित्रपटाचा न्याय करता येणार नाही. ओहायो नदीच्या उत्तर तीरावर, इंडियाना राज्याच्या दक्षिण टोकाशी मॅडिसन हे गाव आहे. १८०९ साली वसलेले, नदीवरील व्यापाराच्या भरभराटीत वाढलेले आणि तो व्यापार रेल्वेने पळविल्यावर मागे पडलेले. जुन्या विटांच्या इमारती जशाच्या तशा राहिल्या त्या ह्या मागे पडण्यामुळेच. विन्सेंट मिनेली ह्यांनी १९५८ चा 'सम केम रनिंग' तेथेच चित्रित केला होता. ह्या गावाजवळ एक विलक्षण वस्तू होती : गावाच्या मालकीची शर्यतीची नौका. तिचे नाव 'मिस मॅडिसन'. अमेरिकेतील सर्वांत वेगवान वर्गातील ह्या नौका एरवी धनिकांच्या किंवा कंपन्यांच्या असत. बिअरच्या कारखान्याची 'मिस बडवायझर', सामान हलविणाऱ्या कंपनीची 'ॲटलास व्हॅन लाइन्स' अशी त्यांची नावे. मॅडिसनची नौका तेवढी एका गावाची. तीही नवी नव्हे. लेस स्टाउडॅकर ह्या कारागिराने बांधलेली ही नौका आधी 'नायट्रोजन टू' ह्या नावाने सॅम्युएल ड्यूपाँट ह्या धनिकासाठी शर्यतीत उतरत असे. १९६३ साली पहिली 'मिस मॅडिसन' अपघातात नष्ट झाली, तेव्हा ही तिच्या जागी आली. म्हणजे श्रीमंताने वापरून सोडलेल्या वस्तूला गावाने आपले नाव दिले. देखभाल करणारी मंडळी बहुतांशी बिनपगारी; दिवसा आपापला पोटाचा धंदा आणि संध्याकाळी नौका.

१९७१ साली ह्या वर्गातील सर्वांत जुनी व मानाची 'गोल्ड कप' शर्यत, जी १९०४ पासून चालत आली आहे, ती मॅडिसनकडे आली. कशी आली, तर यजमानपदासाठी पैशांची बोली लावण्याची पद्धत होती. मॅडिसनने तीस हजार डॉलरांची बोली लावली, आणि मुदतीत पोहोचलेली बोली तेवढीच एक ठरली. मोठ्या शहरांच्या कारकुनी ढिलाईमुळे लहान गावाचे भाग्य उघडले. मग ४ जुलै १९७१ रोजी, खुद्द स्वातंत्र्यदिनी, आपल्याच नदीत, आपल्याच काठावरील लोकांसमोर, दहा वर्षांहून जुन्या त्या नौकेने शर्यत जिंकली. चालक जिम मॅककॉर्मिक. अखेरच्या चढाओढीत टेरी स्टेरेट ह्यांची 'ॲटलास व्हॅन लाइन्स' आरंभी पुढे होती. तिला मॅककॉर्मिक ह्यांनी मागे टाकले. इंजिनात पाणी व मद्यार्क ह्यांचे मिश्रण सोडून क्षणिक अधिक जोर मिळविण्याची युक्ती यंत्रज्ञांनी ऐन वेळी साधली होती, हेही नमूद आहे. इतकी घडीव कथा एखाद्या पटकथाकाराने रचली असती तर आपण तिला कृत्रिम म्हटले असते.

आता चित्रपटाकडे वळू. नौकाशर्यतीचे चित्रण ही मुळातच अवघड गोष्ट आहे. रस्त्यावरच्या मोटारीच्या बाजूने झाडे पळतात, खांब पळतात. म्हणून डोळ्यांना वेग कळतो. पाण्यावर मागे पळणारे काहीच नसते. नदी रुंद, काठ दूर. ताशी १५० मैलांहून अधिक वेगाने जाणारी नौका काठावरून पाहता सावकाश सरकल्यासारखी दिसते. दिसतो तो तिचा तुरा. ह्या नौकांची बांधणी अशी की, वेग घेतल्यावर तळ पाण्याला टेकतच नाही. पुढे दोन्ही बाजूंस काढलेले दोन फुगवटे आणि मागे अर्धा बुडालेला पंखा, एवढ्या तीन बिंदूंवर ती पाण्याला स्पर्श करीत उडत असते. तो पंखा पाणी फेकतो आणि नौकेच्या मागे तिच्या उंचीच्या कितीतरी पट उंच असा पाण्याचा पिसारा उभा राहतो. अमेरिकन लोक त्याला कोंबड्याच्या शेपटीची उपमा देतात. मला आपला 'तुरा' हा शब्द अधिक बरा वाटतो, कारण तुरा हा मिरविण्याचाही असतो. जो पुढे असतो त्याच्यापुढे स्वच्छ पाणी. जो मागे पडतो तो दुसऱ्याच्या तुऱ्यात सापडून आंधळा होतो आणि त्याचे इंजिन भिजून बंद पडण्याचे भय असते. ह्या शर्यतीत पुढे असणे म्हणजे दिसणे आणि मागे असणे म्हणजे न दिसणे, असे अक्षरशः आहे.

बिंडली ह्यांनी ही अडचण प्रामाणिकपणे पेलली आहे. जुन्या काळच्या नौका संग्रहालयांनी व हौशी लोकांनी जपून, दुरुस्त करून ठेवल्या होत्या. त्या खरोखर पाण्यात उतरवून, त्यांच्या मूळच्या विमानी इंजिनांसह चालवून शर्यतीचे प्रसंग चित्रित केले आहेत. दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानांसाठी बनविलेली ॲलिसन व रोल्स-रॉइस मर्लिन ही बारा नळकांड्यांची इंजिने युद्ध संपल्यावर स्वस्तात विकली गेली आणि ह्या नौकांत आली. तिचा आवाज ज्याने ऐकला त्याला पुढील काळातील टर्बाइनची शीळ फिकी वाटते असे जाणकार म्हणतात. चित्रपट पाहून त्यांचे म्हणणे पटते. प्रारंभाचीही रीत पाहण्यासारखी आहे. नौका स्थिर उभ्या राहून सुटत नाहीत. त्या आधीपासूनच धावत असतात, आणि मोठ्या घड्याळाचा काटा शून्यावर येताच रेषा ओलांडावयाची असते. क्षणभर आधी ओलांडली तर दंड, उशीर झाला तर दुसऱ्याचा तुरा. ह्या प्रारंभातील ताण चित्रपटाने चांगला टिपला आहे.

परंतु ह्याच गर्जनेतून एक परिणाम निघतो, आणि तो मला भाषेच्या दृष्टीने महत्त्वाचा वाटतो. इंजिन चालू असता कोणीही कोणाशी बोलू शकत नाही. चालक बोलत नाही, काठावरच्याला शेजाऱ्याचे ऐकू येत नाही. शर्यत हा मुका प्रसंग आहे. त्या मुकेपणात जो आवाज ऐकू येतो तो चित्रपटकाराने बाहेरून आणून ठेवलेला असतो. तो समालोचकाचा असेल किंवा निवेदकाचा. कोणाचा आवाज ठेवावयाचा ही निवड म्हणजेच ती शर्यत कोणाची हे ठरविणे होय. ह्या चित्रपटात आरंभापासून अखेरपर्यंत आपल्याशी बोलतो तो माइक, जिम मॅककॉर्मिकचा दहाएक वर्षांचा मुलगा, आता मोठा होऊन त्या उन्हाळ्याची आठवण सांगणारा.

येथे थोडे मागे जाऊन ह्या प्रकारच्या चित्रपटांची परंपरा पाहणे बरे. परंपरा मोठी नाही. विल्यम ग्रेफे ह्यांचा 'रेसिंग फीव्हर' (१९६४) हा फ्लॉरिडात तयार झालेला, अल्प खर्चाचा आणि आज जवळजवळ विस्मृत झालेला चित्रपट. त्यात शर्यतीत पित्याचा मृत्यू होतो आणि मुलगा त्याचा सूड घेऊ पाहतो. एल्विस प्रेस्लीचा 'क्लॅमबेक' (१९६७) त्यामानाने परिचित. तो गाण्यांचा चित्रपट, त्यामुळे त्याच्याकडून गांभीर्याची अपेक्षा कोणी करू नये. त्यात तेलसम्राटाचा मुलगा आपली ओळख लपवितो, एक नादुरुस्त नौका घेतो, तिला एका नव्या रासायनिक लेपाने सावरतो आणि मायामीची शर्यत जिंकतो. पिता अखेर त्याची कर्तबगारी मान्य करतो. ही शर्यत मायामीच्या मरीन स्टेडियमसमोर झालेली दाखविली आहे. नौकाशर्यती पाहण्यासाठीच १९६३ साली उभारलेले ते काँक्रीटचे प्रचंड प्रेक्षागार होय. नायक स्वतः मात्र चित्रणासाठी तेथे गेलाच नाही. दुरून दिसतो तो त्याचा तोतया. गुणवत्तेच्या दृष्टीने हे दोन्ही चित्रपट 'मॅडिसन'च्या पासंगालाही पुरणार नाहीत. पण तिन्ही एका रांगेत ठेवले की एक गोष्ट स्पष्ट दिसते. तिन्हींमध्ये नौका हे पिता आणि पुत्र ह्यांच्यामधील देणेघेणे आहे. एकात ती सूडाचे साधन, दुसऱ्यात पित्याच्या संपत्तीशिवाय स्वतःला सिद्ध करण्याचे साधन, तिसऱ्यात पित्याच्या स्मृतीचे. शर्यतीची नौका अतिशय महाग वस्तू. ती ज्याच्याकडे असावयाची त्याला ती मिळाली कशी, ह्या प्रश्नाचे उत्तर ह्या चित्रपटांना वारशातच सापडते. आपल्याकडे 'वडिलोपार्जित' असा जो शब्द आहे तो ह्या नौकांना चपखल बसतो.

मात्र 'मिस मॅडिसन' वडिलोपार्जित नव्हती. चित्रपटाचा विषय बनण्याची तिची योग्यता होती ती त्यामुळेच.

चित्रपटाच्या निवेदनाचे मराठीत भाषांतर करण्याचे काम मी एम्. ए. च्या वर्गास दिले होते. पहिल्याच तासाला गाडी अडली. निवेदक 'आम्ही सर्व', 'आमचे गाव', 'आमची नौका' ह्या अर्थाचे शब्द वारंवार वापरतो. इंग्रजीत त्यासाठी एकच सर्वनाम आहे. मराठीत दोन आहेत, आणि त्यांतील निवड टाळता येत नाही. 'आम्ही' म्हणजे बोलणारा व त्याच्या बाजूचे लोक. ऐकणारा त्यांत नाही. 'आपण' म्हणजे बोलणारा आणि ऐकणारा दोघेही. 'आम्ही नदीवर निघालो' असे कोणी म्हणाला तर ऐकणारा घरीच राहतो. 'आपण नदीवर निघालो' म्हटले की त्याने चपला घालावयाच्या. हा भेद गुजरातीतही आहे आणि दक्षिणेकडील द्राविडी भाषांतही आहे. संस्कृतात तो नव्हता. शेजाऱ्यांच्या सहवासाने तो आपल्याकडे रुजला असावा असे मत अनेक अभ्यासकांनी मांडले आहे. 'आम्ही' हे रूप प्राकृत 'अम्हे'मधून आले. 'आपण' मात्र मुळात सर्वनाम नव्हेच. ते 'आत्मन्'पासून आले. म्हणून त्याच्या अंगी अजूनही तीन अर्थ नांदतात. 'त्याने आपली नौका रंगविली' ह्या वाक्यात 'आपली' म्हणजे स्वतःची. 'आपली नौका कोणती?' असे परक्या माणसास आदराने विचारले तर 'आपली' म्हणजे तुमची. आणि 'आपली नौका जिंकली' असे काठावरील गर्दीत शेजाऱ्याला मिठी मारून म्हटले तर 'आपली' म्हणजे तुझीमाझी, सर्वांची.

स्वतःची, तुमची आणि सर्वांची, असे तिन्ही अर्थ एका शब्दात सामावणे हा भाषेचा अपघात म्हणून सोडून देता येईल. परंतु सामायिक मालकी म्हणजे नेमके काय असते, ह्याची ह्याहून नेटकी व्याख्या मला माहीत नाही. मॅडिसनमधील न्हाव्याला किंवा शाळाशिक्षिकेला 'मिस मॅडिसन' कोणाची असे विचारले असते, तर त्याच्या उत्तरात हे तीनही अर्थ एकाच वेळी असते. वर्गातील मालवणकडच्या एका विद्यार्थिनीने क्षणाचाही विचार न करता 'आपली' असे लिहिले. तिच्या गावी रापण असते. समुद्रात अर्धवर्तुळाकार जाळे टाकून त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून सर्वांनी ओढावयाची आणि मासळीचे वाटे करावयाचे, ही ती पद्धत. तिच्या दृष्टीने सामायिक वस्तूला दुसरा शब्दच नव्हता. बाकीच्यांनी मात्र 'आमची' लिहिले होते. चर्चा होऊ लागली. मी अर्थातच त्या मुलीच्या बाजूचा होतो. मग आम्ही निवेदन ओळीने तपासू लागलो, आणि मला कबूल करावे लागले की चूक तिची होती. म्हणजे भाषांतर म्हणून चूक होती. हा चित्रपट 'आपली' म्हणत नाही. तो 'आमची' म्हणतो, आणि पुष्कळदा त्या 'आमची'चाही अर्थ 'माझी नि माझ्या बाबांची' एवढाच असतो.

ही बाब शब्दांपुरती असती तर मी एवढा वेळ घालविला नसता. ती पटकथेच्या रचनेत मुरलेली आहे. चित्रपटात गाव आहे, पण पार्श्वभूमी म्हणून. नगराध्यक्ष आहे, यजमानपदासाठी पैसे उभे करण्याची चिंता आहे, जुने विमानी इंजिन मिळविण्याची खटपट आहे. ह्या सगळ्या गोष्टी वस्तुतः गावाच्या आहेत. परंतु त्या प्रत्येकीचे वजन अखेर एकाच तराजूत टाकले जाते : जिम पुन्हा नौका चालविणार की नाही, त्याची पत्नी बॉनी त्याला चालवू देणार की नाही, आणि मुलाच्या डोळ्यांत पिता मोठा ठरणार की नाही. पूर्वीच्या अपघाताने शर्यतीतून बाजूला झालेला मनुष्य शेवटी पुन्हा चक्रामागे बसतो. अशा कथेचा शेवट आपल्याला पहिल्या रिळातच ठाऊक असतो. शर्यतीच्या ऐन भरात चित्रपट आपणास काठावरील गर्दीतून अलगद उचलून ह्या कुटुंबाजवळ आणून ठेवतो. गर्दी आनंदाने ओरडते, पण तिचे ओरडणे हे जिमच्या विजयाला दिलेली दाद ठरते. आपल्याच विजयाला गाव टाळ्या वाजविताना दिसते, जणू काही ते दुसऱ्या कोणाचे आहे.

ह्याहून बोलका एक बदल आहे. प्रत्यक्षातील जिम मॅककॉर्मिक हे मॅडिसनचे रहिवासी नव्हते. ते ओवेन्सबरो येथील. नदी तीच, पण राज्य केंटकी. गावाने आपल्या नौकेसाठी बाहेरचा, कसलेला चालक आणला होता. चित्रपटातील जिम मात्र गावचाच आहे, गावातच कामधंदा करून राहणारा. हा बदल का केला असावा हे सहज समजते. घरचा मनुष्य जिंकला तर प्रेक्षकाचा ऊर अधिक भरून येतो. पण थोडा विचार केला तर मूळची वस्तुस्थिती किती अधिक मोलाची होती हे कळेल. नदीच्या दुसऱ्या राज्यातील मनुष्य येऊन तुमची नौका चालवितो, आणि तुम्ही 'आपण जिंकलो' म्हणता. तोही 'आपण जिंकलो' म्हणतो. ऐकणाऱ्याला आत घेणारे सर्वनाम ते हेच. गाव ही जन्माने ठरणारी गोष्ट नसून कामाने वाढत जाणारी गोष्ट आहे, हे एका वाक्याचेही भाषण न करता सांगण्याची संधी इतिहासाने पटकथाकारांच्या हाती ठेवली होती. त्यांनी चालकाला गावात जन्मास घातले आणि ती संधी सोडली.

ह्यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. चित्रपटाला नायक लागतो; दहा-बारा हजार लोकांचे गाव नायक कसे व्हावे? मुलाच्या तोंडून कथा सांगितली तर 'माझे बाबा' हे केंद्र होणारच. लहान मुलाला गाव दिसत नाही, बाप दिसतो. हे सारे मान्य. परंतु गाव नायक होऊ शकते ह्याचा पुरावा खुद्द ह्याच चित्रपटात आहे, आणि तो बाहेरून आणण्याची आवश्यकता नाही. नौकेच्या दुरुस्तीचे जे प्रसंग आहेत ते पाहावेत. उघडी पडलेली लाकडी अंगे, तेलाने माखलेले हात, एकमेकांच्या हाती न मागता दिली जाणारी हत्यारे, आणि त्यांच्या मधोमध ब्रूस डर्न ह्यांचा व्होल्पी, जो इंजिनाकडे पाहतो तो जणू एखाद्या तऱ्हेवाईक नातेवाइकाकडे पाहावे तसा. ह्या प्रसंगांत फारसे संवाद नाहीत. निवेदकही बहुतेक वेळ गप्प असतो. येथे कोणाचीही नौका कोणाच्या मालकीची नाही. जो हात लावील त्याची ती आहे. डर्न हे अत्यंत काटकसरीने अभिनय करणारे नट. त्यांनी एका भुवईने जे सांगितले आहे ते निवेदनाच्या पानभर मजकुराने सांगितलेले नाही. ह्या मिनिटांत चित्रपट 'आपली' म्हणतो. शर्यत सुरू होते, इंजिने गर्जतात, माणसे मुकी होतात, आणि निवेदक परत येऊन 'आमची' म्हणू लागतो.

कॅव्हिझेल ह्यांच्या अभिनयाविषयीही दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. त्यांच्याजवळ एक शांत, आतल्या आत वळलेली मुद्रा आहे, आणि ती एकट्या माणसाची मुद्रा आहे. पुढे ज्या भूमिकेने त्यांना कीर्ती दिली तीही एकट्यानेच वेदना सोसणाऱ्याची होती. येथे मात्र ती मुद्रा कथेला आणखी एकाकी करते. दहा माणसांच्या घोळक्यात उभा असलेला जिमदेखील एकटा दिसतो. हा नटाचा दोष म्हणता यावयाचा नाही. त्यांना जे दिले ते त्यांनी केले. मेरी मॅककॉर्मॅक ह्यांच्या बॉनीला तर पतीला अडविणे व मग न अडविणे ह्याखेरीज दुसरे कामच दिलेले नाही. गावच्या नौकेवर गावातील स्त्रियांचाही काही अधिकार असू शकतो, ही कल्पना पटकथेला सुचलेली दिसत नाही, आणि नौकेचे नाव 'मिस' असूनही. शर्यतीच्या नौकांना अशी कुमारिकांची नावे देण्याची चाल गार वुड ह्यांच्या 'मिस अमेरिका' मालिकेपासून तरी रूढ आहे. इंग्रजीत नौका स्त्रीलिंगी, हे सर्वश्रुतच आहे. आपल्याकडे होडी व नौका स्त्रीलिंगी, पडाव आणि मचवा पुल्लिंगी, गलबत नपुंसकलिंगी. लिंगाच्या बाबतीत आपण दर्यावर्दी लोकांना बरेच स्वातंत्र्य दिले आहे. हे विषयांतर झाले.

नावाचाच विषय निघाला म्हणून आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती चित्रपटाच्या बाहेर घडली तरी त्याच्या आतील प्रश्नाशी निगडित आहे. १९७१ च्या विजयात वेगळेपण होते ते नावातही. एका बाजूस बिअर आणि सामानवाहू गाड्या ह्यांची नावे मिरविणाऱ्या नौका, दुसऱ्या बाजूस एका गावाचे नाव. चित्रपट हा विरोध दाखवितो, आणि चांगला दाखवितो. परंतु चित्रपट सनडान्सला दाखविला गेला त्या काळात मॅडिसनच्या गावमालकीचा संघ शर्यतीत उतरत होता तो 'ओह बॉय! ओबेर्टो' ह्या नावाने. हे एका सुकविलेल्या मांसाच्या खाद्यकंपनीचे नाव होय, आणि पुढील अनेक वर्षे ते तसेच राहिले. संघ गावाचाच होता. पैशांसाठी नाव द्यावे लागले. ह्यात गावाला दोष देण्याचे मला काहीच कारण दिसत नाही. इंजिने फुकट मिळत नाहीत. तरीही १९७१ च्या आठवणीने गहिवरणाऱ्या ह्या चित्रपटाकडे पाहताना हे ध्यानात ठेवावे लागते की, जे 'आपली' म्हणून राखावयाचे ते राखण्यासाठी त्या गावाने काय विकले आणि काय विकले नाही, हाच खरा नाट्याचा विषय होता. नाव विकले, नौका विकली नाही. बापलेकांच्या कथेत ह्या व्यवहाराला जागा नाही.

माझ्या वर्गाचे भाषांतर वर्षाअखेर पूर्ण झाले. आम्ही ठरविले ते असे : निवेदकाच्या तोंडी सर्वत्र 'आमची', आणि ज्या थोड्या ठिकाणी गावकरी एकमेकांशी बोलतात तेथे 'आपली'. मालवणच्या विद्यार्थिनीने हा निर्णय मान्य केला, पण खळखळ करूनच. अखेरच्या शर्यतीनंतरच्या निवेदनाचे पान तिच्या वाट्याला आले होते. तिने दिलेल्या मसुद्यात पहिल्यांदा लिहिलेला 'आपली' हा शब्द एका सरळ रेघेने खोडून वर 'आमची' असे लिहिलेले आहे. रेघ इतकी बारीक आहे की खालचा शब्द अजून वाचता येतो. टंकलेखनास देण्यापूर्वी ते पान मी दोनदा बाजूला काढून ठेवले.